केयीचं गाठोडं

संगणकाला नाना ‘तू’ म्हणत आणि कंपायलरला ‘तुम्ही’. कंपायलर त्यांनी स्वतःच लिहिलेला होता, तरीही. सकाळी ऑफिसात आले की आधी खुर्चीवर टॉवेल अंथरायचे, मग संगणकाच्या डोक्यावर टपली मारून ‘ऊठ रे’ म्हणायचे, आणि दिवसातला पहिला प्रोग्रॅम चालवताना पडद्यापुढे मान किंचित झुकवून म्हणायचे, “वाचा.”

मी नवीन होते तेव्हा हसले होते.

“हसू नको व पोरी,” नाना म्हणाले. “ह्या सगया ऑफिसात पूर्ण वाचनारे हे एकटेच हायेत. तू कागदाची पह्यली ओय वाचती, शेठ शेवटची वाचतो. मधलं कोन वाचतं? हेच वाचता.”

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. ठिबकचे व्हॉल्व ठरल्या वेळी उघडणारी आणि मिटणारी पेटी आम्ही बनवायचो. त्या पेटीला काय करायचं ते सांगण्यासाठी नानांनी एक भाषा तयार केली होती. तिचं नाव बारी. शेतात पाणी घ्यायची ज्याची वेळ, त्याची बारी. तिच्यातला प्रोग्रॅम असा दिसे: ‘व्हॉल्व तीन उघड. वीस मिनिटं थांब. व्हॉल्व तीन मिटव.’ लॅपटॉपवर एवढं लिहायचं, नानांचा कंपायलर ते वाचून चुका दाखवायचा आणि पेटीला समजेल अशा आकड्यांत उतरवून द्यायचा. सातवीपर्यंत शिकलेल्या बायका बारीत लिहायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून अजूनही कोणी ‘प्रोग्रॅमिंग सगळ्यांचं काम नाही’ असं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

कंपायलर चुका सांगायचा तोही नानांच्या बोलीत. ‘ओय सात: कंस उघडा टाकून कुठं चालले?’ किंवा ‘ओय बारा: मोटर चालू केली, बंद कोन करीन, मी?’ यावलकडे ळ चा य होतो. नानांचं गाव त्याच तालुक्यातलं, रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. त्यांचं जळगाव ‘जयगाव’, ओळ ‘ओय’, डोळे ‘डोये’, केळी ‘केयी’. बोलायचे तसंच लिहायचे. शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा ते संदेश शुद्ध मराठीत करायला सांगितले. नाना ‘हो’ म्हणाले. मी कंपनी सोडेपर्यंत त्यांचं ते काम चालूच होतं.

माझं काम फोन घेण्याचं. शेतकऱ्यांचे, दुकानदारांचे, पेटी बसवणाऱ्यांचे. नव्वद टक्के फोन एकाच कारणाचे असत. बारीत प्रत्येकाने सगळं पहिल्यापासून लिहायची गरज नव्हती. जमिनीतला ओलावा मोजायचा, खताची टाकी सोडायची, केळीला कोणत्या महिन्यात किती पाणी द्यायचं, असे तयार प्रोग्रॅम लोकांनी लिहून ठेवलेले होते. त्याला बाकी जग पॅकेज म्हणतं, नाना गाठोडं म्हणायचे. आणि ही गाठोडी फिरायची व्हॉट्सॲपवर आणि पेनड्राइव्हवर. ‘केळी नवीन’, ‘केळी नवीन फायनल’, ‘केळी फायनल खरं’. कोणतं कोणाचं, कोणतं जुनं, कशाला काय लागतं, काही पत्ता नाही. पेटी बंद पडली की फोन मला.

याला उपाय जगाला माहीत आहे. पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तुम्ही नाव सांगा, तो योग्य गाठोडं आणून योग्य जागी ठेवतो. माझं म्हणणं एवढंच होतं की तो कंपायलरसोबतच द्यावा. एकच फाइल उतरवायची, तिच्यात दोन्ही.

“नाही,” नाना म्हणाले.

“का नाही?”

“वाचनाऱ्यानं वाचावं. त्याच्या हाती बाजाराची पिशवी देऊ नये.”

“अहो नाना, पण मग पिशवी कोणी धरायची? लोकांनी?”

“लोकांनीच. ज्याच्या हाती गाठोडं, त्याच्या हाती पानी. ध्यानात ठेव.”

मी ध्यानात ठेवलं नाही. मी चिडले.

माझे वडील डाळ मिलच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणा आला की आधी पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे, मग त्याला बसायला जागा होई. त्यामुळे अन्याय दिसला की काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी दोन पानी पत्रक काढलं आणि नोटीस बोर्डावर लावलं: ‘कंपायलरसोबत पॅकेज मॅनेजर मिळणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे!’ खाली पाच मुद्दे. पहिला, वेळ वाचेल. दुसरा, चुकीची आवृत्ती बसणार नाही. तिसरा, सर्व गाठोडी एकाच जागी, कंपनीच्या सर्व्हरवर राहतील. चौथा आता आठवत नाही, बहुधा दुसराच वेगळ्या शब्दांत असावा. पाचवा, जे साधन वापरणाऱ्याला एकटं सोडून देतं ते साधन लिहिणाऱ्याच्या सोयीचं असतं.

दुपारी जेवून परत आले तर पत्रकावर पेन्सिलीने बारीक अक्षर उमटलेलं. मथळ्याशी: ‘उद्गारचिन्ह काढ. हक्क वरडून मोठा होत नाही.’ पहिल्या मुद्द्याशी: ‘खरं.’ दुसऱ्याशी: ‘खरं.’ तिसऱ्याशी: ‘इथून मालक शिरीन.’ पाचव्याशी: ‘खरं, पन उद्धट.’ आणि ‘आवृत्ती’ मी ‘आवृती’ लिहिलं होतं, त्यातला त जोडून दिलेला. ‘ओय’ लिहिणारा माणूस माझं शुद्धलेखन तपासत होता.

मी दुसरं पत्रक काढलं. त्यावरही पेन्सिल फिरली. सहा पत्रकं झाली. ऑफिसातले लोक चहा घेऊन बोर्डापुढे उभे राहायचे.

हट्टीपणाबद्दल सांगायचं तर लग्नातल्या ताटाचं सांगायला हवं. माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न पिंप्राळ्यातल्याच हॉलमध्ये होतं. नाना आले ते कापडी पिशवीत स्वतःचं ताट आणि तांब्या घेऊन. पूर्वी गावच्या पंगतीला सगळे तसेच जायचे. आता कोणी जात नाही. नाना जायचे. वाढपी गडबडला, हॉलच्या ताटांची चळत त्यांच्यापुढे धरून उभा राहिला.

आई म्हणाली, “नाना, ताटं आहेत की हो इथे.”

“असतीन. त्याहीचं ताट त्याहीच्याजवय राहू द्या. ताट आपलं असलं म्हनजे वरन नाही आवडलं तर उठून दुसऱ्या पंगतीत जाता येतं.”

“मग अहेरही परत घेऊन जाता का, वरण नाही आवडलं तर?”

नाना इतके खूश झाले या प्रश्नावर की पुढे महिनाभर आईची चौकशी करत होते. “तुही माय वकील व्हायाले पाह्यजे होती,” म्हणायचे. पण ताट नेणं सोडलं नाही.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण मग अक्कांचा फोन आला.

अक्का यावल तालुक्यातल्या. त्यांचा स्वतःचा केळीचा मळा, आणि आजूबाजूच्या वीसेक मळ्यांच्या पेट्याही त्याच सांभाळायच्या. बारी त्या नानांच्या हाताखाली शिकल्या होत्या, आणि नानांच्या मते माझ्यापेक्षा चांगली लिहायच्या. त्यांच्या मताने तर प्रश्नच नव्हता. त्या दिवशी त्या फोनवर ‘नमस्कार’ही म्हणाल्या नाहीत.

“नानाले दे.”

नाना ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “कंपायलर काय म्हने?” आणि पलीकडचं उत्तर ऐकून त्यांनी फोन ठेवला. मग ते तसेच उठले, टॉवेल खुर्चीवरच राहिला. मी मागोमाग निघाले. आम्ही यावलची एसटी पकडली.

मळ्यात गेल्यावर कळलं ते असं. अक्कांनी नवी रोपं लावली होती, दीड महिन्याची. व्हॉट्सॲपवर आलेली सगळी गाठोडी त्यांच्या लॅपटॉपवर साठलेली. त्यात आमच्या ऑफिसातलं ‘केळी’ होतं, आणि कोणीतरी बनवलेलं एक ‘केयी’ होतं. ‘केळी’ रोपांचं वय विचारून खत सोडायचं. ‘केयी’ त्या अनोळखी माणसाने घडावर आलेल्या बागेसाठी लिहिलेलं होतं, वय न विचारता सरळ टाकी सोडणारं. अक्कांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलं ‘केयी’. कोवळ्या रोपांना मोठ्या झाडांचं खत गेलं. दुसऱ्या वेळी टाकी अर्धी रिकामी झालेली पाहून अक्कांनी धावत जाऊन हाताने कॉक बंद केला, म्हणून मळा वाचला. पण वरच्या बाजूच्या चार ओळींतल्या रोपांची पानं कडेने भाजल्यासारखी तपकिरी झाली होती.

नाना त्या ओळींतून वाकून वाकून फिरले. एकेक पान उलटून पाहत होते.

“अक्का, तुम्ही ‘केयी’ का लिह्यलं?”

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “का म्हनजे? तुमीच शिकोलं ना! तुमच्या वहीत काय लिह्यलं हाये? आनू का वही?”

वही आणली. बारी शिकवताना नानांनी हाताने लिहून दिलेली. पहिल्याच पानावर, नानांच्या ठळक अक्षरात: ‘गाठोडं घे केयी.’

नाना बांधावर बसले. वही मांडीवर उघडीच ठेवली.

“माह्या कंपायलरनं हे वाचलं,” ते म्हणाले, “आन् ‘बरोबर हाये’ म्हनला.”

“तो काय म्हनीन बिचारा,” अक्का म्हणाल्या. “त्याच्यापुढं जे ठेवलं ते वाचलं त्यानं. गाठोडं कोनाच्या घरचं, हे त्याले कुठं कोनी सांगतं?”

सहा पत्रकांत मला जे सांगता आलं नव्हतं ते अक्कांनी बांधावर उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. येताना एसटीत नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुहा पाचवा मुद्दा उद्धट नव्हता.”

मला वाटलं, जिंकले. तो आनंद दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत टिकला.

अकराला शेठनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझं पहिलं पत्रक होतं, पेन्सिलीसकट. तिसऱ्या मुद्द्याखाली त्यांनी लाल रेघ मारलेली.

“पोरीने बरोबर लिहिलंय नाना. सगळी गाठोडी एकाच जागी, आपल्या सर्व्हरवर. लॉगिन आपलं. आता शेतकऱ्यांनी लिहायचं बंद. त्यांनी फोन करायचा, आपण इथून प्रोग्रॅम पाठवायचा. असली भानगड पुन्हा नको. पंधरा दिवसांनी धुळ्याचे भाऊ येताहेत, त्यांच्यासमोर ठरवून टाकू.”

धुळ्याचे भाऊ म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात आमच्या पेट्या विकणारे दुकानदार.

मी म्हणाले, “शेठ, माझं म्हणणं असं नव्हतं.”

“मग काय होतं? तुझंच अक्षर आहे ना?”

माझंच होतं. मी लोकांच्या हक्कासाठी लिहिलेल्या वाक्यातून शेठ सरळ चालत आत आले होते, आणि नानांनी ते दार पेन्सिलीने खूण करून मला दाखवलं होतं. आयुष्यात पत्रकाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अक्का, त्यांचे वीस मळे, सातवीपर्यंत शिकून बारीत लिहिणाऱ्या सगळ्या बाया आता पाणी सोडण्यासाठी आमच्या ऑफिसातला फोन लागण्याची वाट बघणार होत्या. तो फोन मी उचलायचे. तो किती वेळा लागतो ते मला माहीत होतं.

नाना जागेवर आले, टॉवेल नीट केला. “पंधरा दिवस हायेत,” ते म्हणाले. “तुहे चार मुद्दे धरू. तिसरा फाडू. बस इथं.”

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. नानांची कोड लिहायची पद्धत म्हणजे आधी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने सगळं लिहायचं, मग माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, आणि मी अडखळले तिथे खोडायचं. “तू अडखयली म्हनजे ते बी अडखयतीन.” गाठोड्यांची साठवण कुठेही असू शकेल असं ठरलं: अक्कांच्या लॅपटॉपवर, धुळ्याच्या दुकानात, पेनड्राइव्हमध्ये. नेटची गरज नाही. प्रत्येक गाठोड्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि आतला मजकूर बदलला तर तुटणारा शिक्का. तो शिक्का पाहिल्याशिवाय कंपायलर पुढे वाचणारच नाही. म्हणून तर कंपायलर आणि मॅनेजर एकाच फाइलमध्ये असायला हवे होते. शिक्का तपासणारा घरी आणि वाचणारा कामावर, असं चालणार नव्हतं. हे नाना मला समजावून सांगत होते, जसं काही मी कधी विरोध केला होता!

नावाचा गुंता राहिला. मी सुचवलं, सरळ नियम करू, सगळ्यांनी ‘केळी’च लिहायचं.

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हनजे अक्काची जीभ शायेत पाठवायची?”

मग नियम असा झाला: ळ आणि य मध्ये फरक धरायचाच नाही. साठवणीत ‘केळी’ असेल तर ‘केयी’ नावाचं दुसरं गाठोडं आत येऊच शकत नाही, आणि दोन्हीतलं काहीही लिहा, तेच एक मिळेल. साऱ्या जगातल्या कुठल्या पॅकेज मॅनेजरमध्ये हा नियम असेल असं मला वाटत नाही. आमच्यात आहे.

नानांनी एक अट मात्र घातली. ‘वाचा एकटे’ असं लिहिलं तर कंपायलर मॅनेजरला बाजूला ठेवून नुसता चालेल, पण तेव्हा पडद्यावर मोठ्या अक्षरात सांगेल की आज शिक्का कोणी पाहिलेला नाही. “उठून जायाचं दार ठेवलं पाह्यजे,” म्हणाले.

पंधराव्या दिवशी शेठच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. शेठ, धुळ्याचे भाऊ, नाना, मी आणि यावलहून पहिल्या एसटीने आलेल्या अक्का. शेठनी आपली योजना सांगितली. अक्कांनी शांतपणे ऐकली.

“म्हनजे माह्या वावरात पानी सोडाले मी तुमच्या ऑफिसाची घंटी वाजवत बसू?”

“तुमच्याच भल्यासाठी आहे अक्का. परत रोपं जळायला नकोत.”

“रोपं माही जयली. मले इचारा काय पाह्यजे ते.”

धुळ्याचे भाऊ खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “शेठ, तुमना फोन तर माले बी लागत नही. नाना, बठ्ठं एकच डबामा दे ना भो. मना पोरे कितला ठिकाने धुंडतीन?”

“दिलं हाये,” नाना म्हणाले. लॅपटॉप शेठकडे वळवला. “मोडून दाखवा.”

शेठ हुशार माणूस. त्यांनी आधी अक्कांनी पेनड्राइव्हवर आणलेलं ते जुनं ‘केयी’च मागितलं आणि लावलं. पडद्यावर आलं: ‘केळी म्हना का केयी म्हना, गाठोडं एकच. ते पह्यलेच घरात हाये. दुसरं घेनार नाही.’

शेठनी पेनड्राइव्ह काढला. मग साठवणीतलं चांगलं गाठोडं उघडून हळूच खताचा एक आकडा बदलला, आणि कंपायलर चालवला.

‘शिक्का तुटेल हाये. कोनं उघडलं?’

“मी उघडलं,” शेठ म्हणाले.

मोठ्याने म्हणाले, संगणकाकडे बघून. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, भाऊंनी टेबलावर थाप मारली आणि शेठसुद्धा लाल होऊन हसले. नाना हसले नाहीत. “त्याहीले नका सांगू,” ते गंभीरपणे म्हणाले, “अक्काले सांगा. शिक्का त्यांचा हाये.”

रोपांसाठी खताचं आणि पाण्याचं नवं गाठोडं अक्कांनीच लिहिलं होतं. भाजलेल्या चार ओळी पुन्हा हिरव्या करताना रोज किती सोडलं, ते सगळं त्यात होतं. बनवणाऱ्याच्या जागी त्यांनी आपलं नाव घातलेलं. फक्त आपलं, कंपनीचं नाही, घरच्या पुरुषाचं नाही.

शेठनी ते नाव वाचलं. “आणि काही चुकलं तर जबाबदार कोण?”

अक्का म्हणाल्या, “लिह्यलं हाये ना तिथं. वाचता येत नाही का?”

भाऊ उठून उभे राहिले. “शेठ, हाई असं आसीन तर मी मना बठ्ठा जिल्हामा लावसू. लॉगिनवालं आसीन तर एक बी पेटी लेनार नही.”

शेठनी माझ्या पत्रकाचा कागद उचलला, तिसऱ्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे सरकवला. “छापा,” म्हणाले. मी त्या दिवशी घरी पिंप्राळ्यापर्यंत चालत गेले. रिक्षात बसण्याइतका धीर अंगात नव्हता.

कंपायलर आणि पॅकेज मॅनेजर एकाच फाइलमध्ये बाहेर पडले. पडद्यावरच्या संदेशांत ‘केळी’ हा शब्द सोडला तर एकही ळ नव्हता.

नंतर आठवडाभराने, पेटीच्या कुठल्याशा सुट्या भागासाठी अक्का ऑफिसात आल्या असताना फोन वाजला. मी उचलला. धुळ्याचे भाऊ होते, शिरपूरजवळच्या एका मळ्यातून बोलत होते. मागे पाण्याचा आवाज येत होता. आम्हाला न विचारता, ऑफिसला एकही फोन न करता त्यांनी तिथली पेटी चालू केली होती. गाठोडं अक्कांचं.

“अक्का शे का तठे? फोन दे.”

मी स्पीकर लावला. भाऊ ओरडलेच, “अक्का! तुनं पानी आमनाकडे उनं!” त्यांचं ‘उनं’ म्हणजे आलं.

“मंग पाहत काय बसले?” अक्का म्हणाल्या. “ठिबकच्या नय्या तपासा, कुठं चिखल होईन!”

नाना खुर्चीतून उठले. आधी शेठच्या दारात गेले, मग जोडणी विभागात, मग सामान उतरवणाऱ्या ट्रकपाशी, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले. आम्हाला खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

“बारी शिरपूरले पोचली! माह्याशिवाय पोचली!”